हॉवर्थचे पाद्री पॅट्रिक ब्राँटी आणि त्यांचे घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राँटी बहिणींवर कुठे बोललो की नंतर येणाऱ्या पत्रांत निम्मे प्रश्न त्यांच्या वडिलांबद्दलचे असतात, आणि त्यांतला सूर बहुतेक वेळा तक्रारीचा असतो. तेच ते प्रश्न एकत्र करून ही उत्तरे लिहिली आहेत. एक आधीच सांगतो. या म्हाताऱ्याच्या बाबतीत मी तटस्थ नाही. त्यांच्यावर अन्याय झाला आहे असे माझे मत आहे.

१. पॅट्रिक ब्राँटी नेमके कोण?

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या हॉवर्थ गावाचे ४१ वर्षे पाद्री. जन्म १७ मार्च १७७७ रोजी, आयर्लंडच्या काउंटी डाउनमध्ये. मृत्यू ७ जून १८६१ रोजी हॉवर्थच्याच पाद्रीघरात, वयाच्या ८४व्या वर्षी. शार्लट, एमिली आणि ॲन या तीन कादंबरीकार त्यांच्या मुली. त्यांना सहा अपत्ये झाली आणि सहाही त्यांच्या हयातीत गेली.

२. पाद्री म्हणता, मग बायकामुले कशी?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, कारण ‘फादर’ म्हटले की आपल्यासमोर कॅथलिक, अविवाहित धर्मगुरू उभा राहतो. पॅट्रिक चर्च ऑफ इंग्लंडचे, म्हणजे प्रॉटेस्टंट. तिथे पाद्र्याने संसार करणे नुसते चालते असे नाही, ते अपेक्षितच असते. आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा आणि लक्ष्मीबाईंचा संसार आठवा, म्हणजे कोडे सुटेल.

३. ‘ब्राँटी’ हे आडनाव आयरिश वाटत नाही. कुठून आले?

मूळ आडनाव ब्रंटी किंवा प्रंटी. लिहिता न येणाऱ्या घरात आडनावाला एकच रूप नसते. १८०२ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात नाव घातले तेव्हा वहीत ‘ब्रँटी’ असे पडले आणि दोनच दिवसांत ते बदलून ‘ब्राँटी’ झाले. नौदलाचे सेनापती नेल्सन यांना १७९९ मध्ये सिसिलीतल्या ब्रोंटे गावाची ड्यूकपदवी मिळाली होती, तिचा हा प्रभाव असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. इंग्रजी Brontë मधल्या शेवटच्या अक्षरावरचे दोन ठिपके पुढे आले. मराठीत काहीजण ‘ब्रॉण्टे’ लिहितात. त्यावरून भांडू नये.

४. शेतमजुराचा मुलगा केंब्रिजला पोहोचला कसा?

दोन खोल्यांचे झोपडे, दहा भावंडे, त्यांत हा थोरला. लोहाराकडे उमेदवारी केली, मागावर बसला आणि सोळाव्या वर्षी स्वतःच शाळा चालवू लागला. पुढे टाय नावाच्या पाद्र्यांनी आपल्या मुलांना शिकवायला ठेवले आणि बहुधा त्यांच्याच पाठबळामुळे केंब्रिजचे दार उघडले. तिथे गरीब विद्यार्थ्यांना कमी फीमध्ये घेत, त्या वर्गात प्रवेश मिळाला. तेव्हा वय होते पंचवीस.

तरीही पैसे पुरेनात. तेव्हा त्याच कॉलेजातले हेन्री मार्टिन धावून आले. गुलामगिरीविरुद्ध लढणारे विल्बरफोर्स आणि त्यांचे स्नेही हेन्री थॉर्नटन यांच्याकडून मार्टिन यांनी वार्षिक मदत मिळवून दिली. हा तरुण सात पौंड घेऊन आयर्लंडमधून निघाला होता, असे त्यांच्या पत्रात आहे.

हे मार्टिन पुढे हिंदुस्थानात आले आणि त्यांनी बायबलचा नवा करार उर्दूत नेला. १८११ मध्ये ते कलकत्त्याहून जहाजाने मुंबईला आले, तेव्हा त्याच जहाजावर पुण्याची रेसिडेन्सी हाती घ्यायला निघालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. ब्राँटींच्या गोष्टीचा आपल्या मुलखाशी असलेला मला माहीत असलेला खरा धागा हा एवढाच. बारीक आहे, पण आहे.

५. व्हिकार, रेक्टर की क्युरेट? आणि पगार किती होता?

कागदोपत्री ‘पर्पेच्युअल क्युरेट’, म्हणजे कायम नेमणुकीचा पाद्री. हॉवर्थ तेव्हा ब्रॅडफर्डच्या व्हिकारच्या, म्हणजे मुख्य पाद्र्याच्या, हाताखाली होते, म्हणून पद दुय्यम, पण कोणी हुसकून लावू शकत नव्हते. उत्पन्न वर्षाला सुमारे १७० पौंड आणि राहायला घर.

हे घर नीट लक्षात घ्या, या कुटुंबाचे निम्मे निर्णय त्यातून येतात. घर नोकरीबरोबर होते. पाद्र्याने डोळे मिटले की घर खाली करायचे. सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्यांना हे वेगळे समजवायला नको. हुंड्याला पैसा नाही, वडिलोपार्जित जमीन नाही, वडील चाळिशी ओलांडलेले आणि अधूनमधून आजारी. म्हणून मुलींनी शिकून पोट भरायला लागलेच पाहिजे, हे लहानपणापासून ठरलेले. १८४१ मध्ये शार्लट एका घरी गव्हर्नेस, म्हणजे तिथेच राहून मुलांना शिकवणारी बाई, होती. पगार वर्षाला २० पौंड, त्यातले ४ धुण्याचे म्हणून कापून घेत.

६. पत्नी मारिया यांच्याबद्दल फारसे वाचायला मिळत नाही. त्या कोण होत्या?

मारिया ब्रॅनवेल, कॉर्नवॉलमधल्या पेन्झन्सच्या, व्यापारी घरातल्या. स्वतःचे वर्षाला ५० पौंड उत्पन्न. आईवडील गेल्यावर त्या यॉर्कशरला आत्याकडे आल्या. आत्याचे यजमान शाळा चालवत आणि तिथे परीक्षक म्हणून पॅट्रिक येत. काही महिन्यांतच लग्न ठरले.

मारियांची त्या काळातली पत्रे उरली आहेत. एकात त्या होणाऱ्या नवऱ्याला ‘माय डिअर सॉसी पॅट’ म्हणतात, म्हणजे ‘माझ्या वात्रट पॅट’. दुसऱ्या एका पत्रात माहेरहून येणारी पेटी जहाज फुटून समुद्रात गेल्याची बातमी आहे, तीही फारशी रडारड न करता.

२९ डिसेंबर १८१२ रोजी गाइझली इथे जोडलग्न झाले. मारियांची आत्येबहीण जेन आणि पॅट्रिकचे पाद्री मित्र विल्यम मॉर्गन ही दुसरी जोडी. दोन्ही नवरदेव पाद्री, म्हणून एकाने दुसऱ्याचे लग्न लावले. त्याच दिवशी पेन्झन्सला मारियांच्या धाकट्या बहिणीचेही लग्न झाले.

सव्वासहा वर्षांच्या आत सहा मुले: मारिया, एलिझाबेथ, शार्लट (१८१६), ब्रॅनवेल (१८१७, एकुलता एक मुलगा), एमिली (१८१८) आणि ॲन (१८२०). शेवटची चार थॉर्नटन गावी जन्मली. एप्रिल १८२० मध्ये सगळे हॉवर्थला आले आणि १५ सप्टेंबर १८२१ रोजी दीर्घ आजाराने मारिया गेल्या. वय ३८. धाकटी ॲन तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती.

७. मग मुलांना कोणी वाढवले? दुसरे लग्न का केले नाही?

करायचे होते, कोणी हो म्हटले नाही. काही महिन्यांतच थॉर्नटनच्या ओळखीतल्या एलिझाबेथ फर्थ यांना विचारले, नकार. १८२३ मध्ये पंधरा वर्षांपूर्वीच्या मैत्रिणीला, मेरी बर्डर यांना पत्र घातले. हे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत वेंधळे पत्र असावे, कारण पूर्वी आपणच मागे हटलो होतो हे त्यांच्या ध्यानातच नव्हते. मेरीबाईंनी असे सुनावले की ते उत्तर आजही वाचताना मजा येते. सहा मुलांच्या, तुटपुंज्या पगाराच्या विधुराला कोण हो म्हणणार?

शेवटी मारियांच्या थोरल्या बहीण एलिझाबेथ मावशी पेन्झन्सचे उबदार हवामान सोडून हॉवर्थला आल्या आणि १८४२ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिल्या. शिस्तीच्या, काटकसरीच्या. भाच्यांसाठी त्यांनी मागे ठेवलेल्या पैशांतूनच १८४६ मध्ये तिघींचा कवितासंग्रह निघाला. त्याच्या दोन प्रती खपल्या, पण त्याशिवाय पुढचे काही झाले नसते. स्वयंपाकघरात टॅबी आयक्रॉइड होती, म्हातारी, फटकळ आणि गोष्टीवेल्हाळ.

८. मुलींना कोवन ब्रिजच्या त्या भयंकर शाळेत घातलेच कसे?

सर्वांत जास्त राग या प्रश्नात असतो, आणि शार्लटच्या ‘जेन एअर’ कादंबरीतली, याच शाळेवर बेतलेली लोवुड शाळा वाचलेल्याला तो येणारच. पण १८२४ साली पॅट्रिकच्या जागी बसून बघा. पाद्र्यांच्या मुलींसाठी नवी शाळा निघते आहे. फी वर्षाला १४ पौंड, बाकीचा खर्च देणगीदार उचलणार. देणगीदारांत मोठमोठी नावे. संस्थापक विल्यम केरस विल्सन स्वतः पाद्री आणि सधन. पाच मुलींचा बाप याहून चांगले काय शोधणार होता?

प्रत्यक्षात अन्न वाईट, थंडी कडाक्याची, शिस्त निर्दय. थोरली मारिया फेब्रुवारी १८२५ मध्ये क्षयाने खंगून घरी आली आणि ६ मे रोजी गेली. पाठोपाठ एलिझाबेथला पाठवून दिले. तिची अवस्था पाहताच पॅट्रिक निघाले आणि शार्लट व एमिली यांना घेऊन आले. एलिझाबेथ १५ जूनला गेली. एक अकरा वर्षांची, एक दहा.

आजार वेळेवर कळवला असता तर काय झाले असते, हे सांगता येणार नाही. त्यानंतर काही वर्षे त्यांनी कोणालाच घराबाहेर शिकायला पाठवले नाही, एवढे मात्र खरे.

९. ते मुलांना मांस देत नसत, बायकोचा रेशमी झगा कापून टाकला, बूट जाळले. हे खरे का?

नाही. ही तक्रार जिथून आली ती जागा माहीत आहे. शार्लट गेल्यावर पॅट्रिकनी स्वतः कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल यांना तिचे चरित्र लिहायला सांगितले. ते १८५७ मध्ये आले आणि त्यात या सगळ्या कथा होत्या: पावसात भिजलेल्या मुलांसाठी ठेवलेले रंगीत बूट चुलीत टाकले, राग आला की खुर्च्यांच्या पाठी करवतीने कापत, वगैरे. त्यांतल्या बऱ्याचशा कामावरून काढलेल्या एका बाईकडून आल्या होत्या. मारियांच्या शेवटच्या आजारात ती शुश्रूषेला होती.

मांसाचे म्हणाल तर २४ नोव्हेंबर १८३४ चा एमिली आणि ॲनचा एक कागद शिल्लक आहे. दुपारच्या जेवणाचा बेत त्यात लिहिला आहे: उकडलेले गोमांस, सलगम, बटाटे आणि सफरचंदाचे पुडिंग. खटला इथेच निकाली निघावा.

पॅट्रिकनी आरोप नाकारले आणि तिसऱ्या आवृत्तीतून ते गेले. पण पहिली आवृत्ती जिथे पोचली तिथे तिसरी पोचत नाही. चरित्रात घरातल्या जुन्या मोलकरणींना उधळ्या म्हटले होते. त्या नॅन्सी आणि सारा गार्स बहिणींना त्यांनी लेखी दाखला दिला की या प्रामाणिक आणि काटकसरी होत्या. स्वतःपेक्षा मोलकरणींच्या अब्रूसाठी त्यांनी जास्त घाई केली. गॅस्केलबाईंना मात्र त्यांनी लिहिले ते असे: मी विक्षिप्त आहे हे मान्य, पण शांत, चाकोरीतला माणूस असतो तर मला अशी मुले बहुधा झालीच नसती.

पिस्तुलाची गोष्ट मात्र खरी आहे. ती पुढच्या उत्तरात.

१०. पाद्री असून रोज सकाळी पिस्तूल झाडत असत?

हो. १८१२ मध्ये ते हार्टशेडला होते. नव्या यंत्रांमुळे हातचे काम गेलेले कापड कामगार, ज्यांना लडाइट म्हणत, यंत्रे फोडत होते. ११ एप्रिलच्या रात्री जवळच्या रॉफोल्ड्स गिरणीवर हल्ला झाला आणि माणसे मेली. पॅट्रिक गिरणीमालकांच्या बाजूने बोललेले, म्हणून त्यांनी पिस्तूल बाळगायला सुरुवात केली. ती सवय मरेपर्यंत सुटली नाही. रात्री भरून उशाशी ठेवायचे. त्या काळच्या पिस्तुलातली गोळी काढण्याचा सोपा उपाय म्हणजे ती उडवणे. म्हणून सकाळी खिडकीतून बार. यात रागाचा काही संबंध नाही.

११. मुलांना घरी काय शिकवले?

ब्रॅनवेलला लॅटिन आणि ग्रीक स्वतः शिकवले. मुलींना रीतसर तेवढे नाही, तो भेद होता आणि झाकण्यात अर्थ नाही. पण घरातली पुस्तके कोणासाठी बंद नव्हती. वर्तमानपत्र आले की संसदेतल्या वादांवर जेवणाच्या टेबलावर चर्चा, तीही आठ-नऊ वर्षांच्या मुलींबरोबर. जून १८२६ मध्ये लीड्सहून त्यांनी ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपाई आणले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बहिणीने एकेक उचलून नाव दिले आणि त्यातून काल्पनिक राज्ये, त्यांचा इतिहास आणि काडेपेटीएवढ्या वह्या तयार झाल्या. त्या वह्यांतली अक्षरे भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. मुलींना मोठ्यांपासून गुपित ठेवायचे होते, आणि वडिलांची नजर अधू होती.

पॅट्रिक स्वतःही लिहीत. १८११ ते १८१८ या काळात कवितेची आणि गोष्टींची त्यांची चार छोटी पुस्तके निघाली. सुमार आहेत. पण छापलेल्या पुस्तकावर घरातलेच आडनाव, हे मुलांनी लहानपणी पाहिले.

१२. मुली कादंबऱ्या लिहितात हे वडिलांना ठाऊकच नव्हते म्हणे?

सुरुवातीला नव्हते. त्यात डोळ्यांचा भाग मोठा. १८४६ पर्यंत मोतीबिंदूने ते जवळजवळ आंधळे झाले होते. शार्लट त्यांना मँचेस्टरला घेऊन गेली. २५ ऑगस्टला डॉ. विल्सन यांनी डाव्या डोळ्याचे ऑपरेशन केले, पंधरा मिनिटे, भूल न देता. भुलीचे औषध पहिल्यांदा जाहीरपणे वापरले गेले ते त्यानंतर दोनेक महिन्यांनी, अमेरिकेत. ६९ वर्षांचा माणूस हू की चू न करता पडून राहिला. पुढे महिनाभर अंधाऱ्या खोलीत. भाड्याच्या त्या घरात, दाढदुखीने हैराण झालेल्या शार्लटने ‘जेन एअर’ लिहायला घेतली.

पुस्तक १८४७ च्या ऑक्टोबरात आले आणि गाजले. मग एके दिवशी शार्लट पुस्तकाची प्रत आणि परीक्षणे घेऊन त्यांच्या खोलीत गेली. संध्याकाळी चहाला ते बाकीच्या मुलींना म्हणाले, शार्लटने पुस्तक लिहिले आहे आणि ते वाटले होते त्याहून बरेच चांगले आहे. बापाकडून आलेले असे प्रशस्तिपत्र मराठी घरांतही ओळखीचे वाटेल.

१३. गावासाठी त्यांनी काय केले?

रविवारची शाळा बांधून घेतली, गरिबांना वर्कहाउसमध्ये, म्हणजे राबवून पोसणाऱ्या गरीबगृहात, ढकलणाऱ्या १८३४ च्या कायद्याविरुद्ध सभा घेतली. पण खरे मोठे काम पाण्याचे. हॉवर्थला गटारे नव्हती, उकिरडे घरांना लागून, आणि दफनभूमी चढावर. पॅट्रिकनी १८४९ मध्ये लंडनच्या आरोग्य मंडळाकडे अर्ज केला. १८५० मध्ये बेंजामिन बॅबेज तपासणीला आले (गणकयंत्रवाल्या चार्ल्स बॅबेज यांचे चिरंजीव). त्यांच्या अहवालानुसार ४१.६ टक्के मुले सहा वर्षांची होण्याआधी मरत आणि सरासरी आयुष्य २५.८ वर्षे होते. कर वाढेल म्हणून पैसेवाल्यांनी खोडा घातला. म्हातारा पत्रे लिहीत राहिला.

ब्राँटी मुले अकाली गेली ती शापाने नव्हे, हे या आकड्यांवरून कळावे. त्या गावाच्या हिशेबात शार्लटची ३८ वर्षे म्हणजे दीर्घायुष्य.

१४. तीन मुले एका वर्षात गेली का?

आठ महिन्यांत. ब्रॅनवेल २४ सप्टेंबर १८४८, एमिली १९ डिसेंबर १८४८, ॲन २८ मे १८४९. ब्रॅनवेल दारू आणि अफूने आधीच संपत आला होता. बिछान्याला आग लावून घेईल या भीतीने शेवटच्या काळात वडील त्याला आपल्याच खोलीत झोपवत. त्या रात्री कशा गेल्या असतील हे ज्याच्या घरात असा मुलगा आहे त्यालाच समजेल.

१५. कुटुंबाची कबर हॉवर्थच्या चर्चमध्ये आहे, मग ॲन तिथे का नाही?

ती समुद्राच्या हवेसाठी स्कारबरोला गेली आणि तिथेच वारली. वडिलांना आणखी एक अंत्ययात्रा बघावी लागू नये म्हणून शार्लटने तिला तिथेच पुरले. दगडावर वय चुकून २८ कोरले गेले. ती २९ वर्षांची होती.

१६. शार्लटच्या लग्नाला त्यांनी इतका विरोध का केला?

इथे मी त्यांची बाजू घेणार नाही. त्यांचे मदतनीस पाद्री आर्थर बेल निकल्स यांनी डिसेंबर १८५२ मध्ये शार्लटला मागणी घातली, तेव्हा पॅट्रिकच्या कपाळावरच्या शिरा तटतटल्या. वर्षाला शंभर पौंडांचा आयरिश क्युरेट आणि माझी नामवंत मुलगी! हे म्हणणारा स्वतः आयर्लंडच्या झोपडीतून आला होता. निकल्स यांना गाव सोडावे लागले. खरी भीती वेगळी असावी: सहांतली एक उरली होती, ती बाळंतपणात गेली तर?

पत्रव्यवहार चालू राहिला आणि म्हातारा नरमला. अट एवढीच की लेक-जावयाने याच घरात राहायचे. जेवणाच्या खोलीमागच्या कोठाराची निकल्ससाठी अभ्यासिका झाली. लग्न २९ जून १८५४ रोजी. आदल्या रात्री पॅट्रिक म्हणाले, मी येत नाही. मग प्रार्थनापुस्तक काढून पाहिले. कन्यादान वडिलांनी किंवा स्नेह्याने करावे असे त्यात निघाले. स्नेही बाई नसावी असे कुठे लिहिलेले नव्हते. शार्लटच्या जुन्या शिक्षिका मार्गारेट वूलर यांनी ते केले.

नऊ महिन्यांनी, ३१ मार्च १८५५ रोजी, दिवस गेलेले असताना शार्लट वारली.

१७. मग जावयाचे आणि सासऱ्यांचे काय झाले?

सहा वर्षे एकाच घरात राहिले. निकल्स यांनी शार्लटला दिलेला शब्द पाळला आणि म्हाताऱ्याचे शेवटपर्यंत केले, चर्चचे कामही सांभाळले. पॅट्रिकनी मृत्युपत्रात त्यांना ‘प्रिय जावई’ म्हटले. पण गावाच्या विश्वस्तांनी पाद्रीपद दुसऱ्याला दिले आणि प्र. ५ मध्ये सांगितलेला नियम लागू झाला: घर खाली करा. सामानाचा लिलाव करून निकल्स आयर्लंडला बॅनॅहरला गेले, पुढे मामेबहिणीशी लग्न केले, शेती केली आणि १९०६ मध्ये वारले. ब्रॅनवेलने काढलेले तिघी बहिणींचे चित्र त्यांच्या कपाटावर घडी घालून पडले होते. ते १९१४ मध्ये सापडले. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्याच्या घड्या आजही दिसतात.

१८. आज त्यांचा कोणी थेट वंशज आहे का?

नाही. सहांपैकी कोणालाच मूल जगले नाही. ‘वंशज’ म्हणवणारे असतात ते पॅट्रिकच्या आयर्लंडमधल्या भावंडांचे.

१९. हॉवर्थला गेलो तर त्यांचे चर्च बघता येईल का?

मनोरा तेवढा जुना. बाकीचे चर्च नंतरच्या पाद्र्यांनी १८७९ मध्ये पाडून नवे बांधले, त्यामुळे पॅट्रिकनी जिथून प्रवचने दिली ती इमारत उरलेली नाही. कुटुंबाचे तळघर नव्या फरशीखाली आहे. पाद्रीघर मात्र आहे आणि १९२८ पासून तिथे संग्रहालय आहे. ज्यांनी ते विकत घेऊन दिले ते सर जेम्स रॉबर्ट्स लहानपणी त्याच गावात वाढले होते. आत शिरल्यावर उजव्या हाताची खोली पॅट्रिकची. जिन्यात घड्याळ आहे. रोज रात्री नऊला ते दाराला कडी घालत, मुलींना फार जागू नका म्हणत आणि वर जाताना जिन्यातल्या घड्याळाला किल्ली देत. मुली जागतच.